उसाच्या फडात सापडलेली पिल्लं बिबट्याची की रानमांजराची?

प्रश्न थोडक्यात असा: शिरूर तालुक्यात ऊसतोड चालू असताना पाचटात तीन पिल्लं सापडली. मुकादम म्हणाला बिबट्याची आहेत, म्हणून टोळीने कोयते खाली ठेवले. घरच्या पोरांनी पिल्लं खोक्यात घालून घरी आणली आणि सकाळपासून त्यांना गाईचं दूध पाजणं चाललंय. ही पिल्लं कोणाची, ती घरी वाढवता येतील का, आणि रानमांजराची निघाली तर त्यांची आई आमच्या कोंबड्या खाणार का, हे विचारलंय. सोबत फोटो आहे.

मी पशुवैद्यक आहे. ऊसपट्ट्यात सापडणाऱ्या रानटी जनावरांवर उपचार करणं हे माझं नेहमीचं काम. फोटोत दिसतात ती रानमांजराची पिल्लं आहेत. काही भागांत त्याला बाऊल म्हणतात, कुठे रानबोका. पुढचं वाचण्याआधी मात्र दोन कामं करा: दूध थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावा. आज अंधार पडायच्या आत पिल्लं जिथून उचलली तिथेच परत गेली पाहिजेत.

दुधाबद्दल आधी बोलतो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी पिल्लं उपाशी नसतात, चुकीचं पाजल्यामुळे आजारी झालेली असतात. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असते. गाईच्या दुधातली साखर या पिल्लांना पचत नाही, त्यांना हगवण लागते आणि शे-दीडशे ग्रॅमच्या जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं. त्यात आपण लहान बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरने पाजतो. दूध फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. काही तास पोटात काही गेलं नाही तरी ही पिल्लं तग धरतात, पण गारठली की मरतात. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवा, वरून गोणपाट टाकून अंधार करा, आणि पोरांना लांब ठेवा. एवढ्या लहान पिल्लाला आपणहून लघवीही होत नाही. आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसा, एवढं पुरे.

आता मुकादमाची शंका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसातच वितो, त्यामुळे ठिपकेवालं पिल्लू दिसलं की पोटात गोळा येणं साहजिक आहे. ओळखायला शेपूट बघा. बिबट्याच्या पिल्लाची शेपूट लांब आणि जाड, अंगाच्या निम्म्याहून जास्त. रानमांजराची शेपूट आखूड, डोक्यासकट धडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, टोक काळं आणि त्याच्या अलीकडे काळी कडी. मग कानाची मागची बाजू बघा. बिबट्याची काळी आणि मधे फिकट ठिपका, रानमांजराची तांबूस, ठिपका नाही. वजनातही चांगला फरक पडतो. बिबट्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास असतं, पंजे अंगाच्या मानाने थोराड. तुमच्या फोटोतल्या पिल्लांच्या अंगावर पुसट पट्टे आणि ठिपके आहेत. ते वाढत्या वयात विरत जातात आणि मोठं जनावर वाळलेल्या गवताच्या रंगाचं, जवळजवळ सपाट दिसतं. पायांवर आणि शेपटीवर तेवढे पट्टे उरतात.

तिसरी शक्यता वाघाटीची. उसात तीही विते. पण ती जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आतबाहेर. तिच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर ठळक रेघा असतात, आणि पिल्लं तर मुठीत मावतात. कोणाचीही असोत, पुढची पद्धत एकच. फक्त बिबट्याची वाटत असतील तर फडात पायी फिरायचं नाही, कारण आई जवळच असते.

पिल्लं परत ठेवताना वनकर्मचाऱ्यांना सोबत घ्या. टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट चालतं. तळाला त्याच जागेवरचं पाचट घाला, पिल्लं आत ठेवा आणि कॅरेट जिथे पिल्लं सापडली तिथे नेऊन ठेवा. फड तोडून झाला असेल तर त्या जागेला लागून असलेल्या बांधाच्या किंवा उभ्या उसाच्या कडेला ठेवा. कॅरेटची उंची अशी हवी की पिल्लांना बाहेर येता येऊ नये, पण आईला सहज आत वाकता यावं. झाकण लावायचं नाही. आजूबाजूची कुत्री बांधून ठेवा. बॅटरी मारत बघायला जाऊ नका. वनविभागाकडे किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांकडे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे असतात, तो एक लावून सगळ्यांनी घरी जायचं.

आई येते कशी, हे त्या कॅमेऱ्यांमुळेच नीट कळलं. आधी चौकटीच्या कडेला नुसते डोळे चमकतात, मग बराच वेळ काही नाही. ती सरळ कॅरेटकडे येत नाही. लांबून अर्धी चक्कर मारते, वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबून हुंगते, बसते, पुन्हा उठते. पिल्लं तोपर्यंत बारीक आवाजात ओरडत असतात आणि तिचा एक कान त्यांच्याकडे आणि दुसरा रस्त्याकडे वळलेला असतो. मग पुढचे दोन पाय कॅरेटच्या काठावर टेकवून ती आत वाकते, एकाला मानेच्या कातडीला धरून उचलते आणि निघते. तोंडात लटकलेलं पिल्लू पाय पोटाशी घेऊन गप्प होतं. ती ते नव्या जागी ठेवून परत येते, दुसरं नेते. दोन फेऱ्यांमधे कधी दहा मिनिटं जातात, कधी तास दोन तास. म्हणून पहाटे एकच पिल्लू कॅरेटमधे दिसलं तर लगेच उचलून आणू नका. पहिल्या रात्री आई आली नाही तर दिवसा पिल्लांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रयत्न करायचा. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, हे गावोगाव ऐकायला मिळतं. त्यात तथ्य नाही. हाताळलेली पिल्लं आया घेऊन जातात, ते कॅमेऱ्यात दिसतं.

आणि तुमच्या फडातल्या आईने पिल्लं टाकली नव्हतीच. ती शिकारीला गेली होती किंवा कोयत्यांच्या आवाजाने शेजारच्या उसात सरकून अंधार पडायची वाट बघत होती.

मुळात ती उसात काय करते, हा खरा प्रश्न आहे. जंगलाचं जनावर जंगल सोडून गावात आलं, असं लोक म्हणतात. रानमांजराच्या बाबतीत ते लागू पडत नाही. हे दाट झाडीचं जनावर नाहीच, उंच गवताचं आणि पाण्याकाठच्या बोरूचं आहे. १७७६ साली योहान गुल्डेनश्टेट या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते कॉकेशसच्या उत्तरेला तेरेक नदीच्या परिसरात पकडलेल्या मांजरावरून. तिथून खाली इजिप्तमधलं नाईलचं खोरं, तुर्कस्तान, इराण, कॅस्पियनचा काठ, मध्य आशिया, मग पाकिस्तान, भारत, नेपाळ, श्रीलंका आणि पुढे थेट व्हिएतनामपर्यंत त्याचा पसारा आहे. सगळीकडे त्याला लागतं ते सारखंच: डोकं लपेल एवढं उंच गवत, जवळपास पाणी आणि भरपूर उंदीर. पाटपाण्यावरचा ऊस या तिन्ही गोष्टी पुरवतो, वर वर्षभर. आपण धरणं बांधली, कालवे काढले आणि नकळत हजारो एकर बोरूचं बेट लावून दिलं.

त्याचं शरीर याच राहणीला घडलेलं आहे. घरच्या मांजराच्याच कुळातलं हे सगळ्यात मोठं मांजर. आपल्याकडची मादी साधारण तीन ते पाच किलोंची, बोका पाच-सहा किलोंचा. पश्चिमेकडची, कॉकेशस-इराणकडची जनावरं याहून बरीच मोठी भरतात. खांद्यापाशी उंची फूटभराहून जास्त, कारण पाय लांब आहेत. लांब पायांमुळे डोकं गवतावर काढून बघता येतं आणि जागच्या जागी उंच उडी घेता येते. शेपूट आखूड, कारण फांद्यांवरून तोल सांभाळत फिरणं हा त्याचा धंदा नाही. झाडावर ते चढतं, कुत्री मागे लागली तर बाभळीवर जाऊन बसतं, पण पोट भरतं जमिनीवर. पाण्याचंही त्याला वावडं नाही, चांगलं पोहतं. कान मोठे, टोकदार, डोक्यावर एकमेकांच्या जवळ बसवलेले आणि टोकाला काळ्या केसांचा छोटासा झुपका.

हा झुपका बघून बरेच जण 'कॅराकल दिसला' म्हणून फोटो पाठवतात. कॅराकल हे वेगळं रानटी मांजर, त्याचा झुपका लांब, लोंबणारा असतो आणि त्याच्या कानाची मागची बाजू काळीभोर असते. भारतात तो आता मुख्यतः राजस्थान आणि कच्छच्या काही भागांत तग धरून आहे. पुण्याजवळच्या माळावर दिसलेला 'कॅराकल' रानमांजरच असणार.

कानांवर जरा थांबतो, कारण शिकारीचा सगळा खेळ कानांचा आहे. उंदीर एकमेकांशी जे बोलतात त्यातलं बरंचसं आपल्याला ऐकूच येत नाही. आपली ऐकण्याची हद्द २० किलोहर्ट्झला संपते, मांजरकुळाची ६० च्याही वर जाते. रानमांजर बांधावर बसलेलं असतं तेव्हा ते आराम करतंय असं वाटतं. नीट बघितलं तर दोन्ही कान वेगवेगळे फिरत असतात. मग दोन्ही एकाच दिशेला स्थिर होतात, मागचं अंग थोडं डुलतं, आणि ते कमानीसारखी उडी घेऊन पुढच्या दोन पायांवर गवतात उतरतं. उंदीर दिसलेला नसतो. आवाजावर उडी घेतलेली असते. खाली दाबलेल्या उंदराच्या मानेत सुळा शिरतो आणि सुटतं. उडी चुकली तर ते सहसा पाठलाग करत बसत नाही, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा बसतं. पक्ष्यांसाठी पद्धत वेगळी. दबा धरून अगदी जवळ जायचं आणि तित्तर उडायच्या क्षणी हवेत झडप घालायची.

ते काय खातं हे कळायला विष्ठेसारखा पुरावा नाही. वाळलेली लेंडी पाण्यात भिजवून बारीक चाळणीत धुतली की मऊ भाग वाहून जातो. चाळणीत राहतात केसांचे बोळे, हाडांच्या काड्या आणि उंदरांचे वाकडे, नारिंगी रंगाचे पुढचे दात. कधी सरड्याचे खवले, कधी नाकतोड्याची तंगडी, कधी पिसांचे दांडे. दाढांचा आकार आणि केसांची सूक्ष्मदर्शकाखालची रचना बघून उंदराची जातही सांगता येते. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात अशाच पद्धतीने झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रानमांजराच्या आहारात उंदीरवर्गीय प्राण्यांचाच भरणा निघाला आणि एक मांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खात असावं असा अंदाज मांडला गेला. म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. उसाच्या कांड्या बुडाशी कुरतडणारी घूस आणि शेतातले उंदीर तुमचं किती नुकसान करतात हे मी सांगायला नको.

उंदरांखेरीज ससे, साप, बेडूक, मासे, पक्ष्यांची अंडी, असं जे मिळेल ते चालतं. मोठ्या जनावराने टाकलेलं मढं मिळालं तर त्यावरही ताव मारतं. दिवसा ते अजिबात फिरत नाही असं नाही. थंडीत सकाळी उन्हाला बसलेलं दिसतं, पण मुख्य हालचाल संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. एका रात्रीत तीन ते सहा किलोमीटरची फेरी होते. भर उन्हात गवतात, पाचटात किंवा दुसऱ्या कोणी सोडलेल्या बिळात झोपतं.

राहणी एकट्याची. आपली हद्द ते मूत्राच्या फवाऱ्याने आणि गाल घासून राखतं. बांधावरचा ठराविक दगड, पाणंदीच्या वळणावरची घायपात, विहिरीचा कठडा अशा जागी हे वारंवार होतं. त्या वासात मादी माजावर आहे का, हा बोका नवा की ओळखीचा, सगळी माहिती असते. बोका तो वास घेताना वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर खुळ्यासारखा उभा राहतो. टाळूतल्या खास अवयवापर्यंत वास पोचवायची ती रीत आहे. माजाच्या दिवसांत बोक्यांची भांडणं जुंपतात, आणि रात्री फडातून येणारे ते आवाज ऐकून 'बिबट्या ओरडतोय' असे फोन येतात. रानमांजराला डरकाळी फोडता येत नाही. ते म्यांव करतं, गुरगुरतं, फिस्कारतं आणि बोके भुंकल्यासारखा जाडा आवाज काढतात.

आता तुमच्या पिल्लांच्या वयाशी याचा संबंध. गर्भकाळ ६३ ते ६६ दिवसांचा. एका वेळी बहुधा तीन पिल्लं, क्वचित पाच-सहा. विण्याचा काळ साधारण डिसेंबर ते जून, प्रदेशाप्रमाणे मागेपुढे. आणि आपला गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे जेव्हा आईला आडोशाची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच आडोसा कापला जातो. पिल्लांचे डोळे दहा ते तेरा दिवसांत उघडतात, सुरुवातीला निळसर दिसतात. तुमच्या फोटोत डोळे उघडलेले आहेत पण कान अजून नीट ताठ झालेले नाहीत, त्यामुळे वय दोन आठवड्यांच्या आसपास धरायला हरकत नाही. यापुढे आई त्यांना आधी मेलेला, मग अर्धमेला उंदीर आणून देते. सहा महिन्यांच्या सुमारास ती स्वतः शिकार करू लागतात आणि आठ-नऊ महिन्यांची झाली की आपापल्या वाटेने जातात. वर्षभरात वयात येतात.

म्हणून घरी वाढवायचा विचार सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हे संरक्षित जनावर आहे आणि ते बाळगणं गुन्हा आहे, हा झाला कायद्याचा भाग. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हणालो असतो. उंदीर कसा पकडायचा, कुत्र्यापासून कसं पळायचं, सापाला किती अंतर द्यायचं, हे त्या सहा-आठ महिन्यांत आई शिकवते. बाटलीवर वाढलेलं पिल्लू माणसाला भीत नाही, एवढंच शिकतं. महिनाभर ते गोड वाटतं. दात आणि नखं आली की तेच पिल्लू खेळता खेळता हात फोडतं, वयात आलं की घरभर फवारे मारतं, आणि मग एके दिवशी 'सोडून द्या याला' म्हणून माझ्याकडे आणलं जातं. सोडणार कुठे? ते गावात शिरून कुत्र्यांच्या किंवा काठीच्या तोंडी जातं. शिवाय दूध-भाकरीवर हे जनावर जगत नाही. टॉरिन नावाचं जे द्रव्य मांसातून मिळतं ते त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमजोर होतं.

इजिप्तमधे सापडलेल्या मांजरांच्या ममींमधे रानमांजराच्याही ममी आहेत, आणि अमेरिकेत याच्या आणि पाळीव मांजराच्या संकरातून 'चाउसी' नावाची जात तयार केली गेली आहे. यावरून काही जण मला पटवायला बघतात की हे पाळण्याजोगं जनावर आहे. आपल्या घरातली मनी मात्र याच्यापासून आलेली नाही. तिचा पूर्वज आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं दुसरं रानटी मांजर, आणि त्याला माणसाळायला हजारो वर्षं लागली आहेत.

कोंबड्यांचं विचारलंत. हो, मिळाली तर खातं. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या आणि त्यांची पिल्लं त्याला सोपी पडतात, उगाच त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही. पण कोंबडी गेली म्हणजे रानमांजरच, असंही नाही. मुंगूस, कोल्हा, भटकी कुत्री आणि गावातले बोके सगळेच यात भागीदार आहेत. संध्याकाळी खुराडं बंद करणं आणि जाळीखालची फट दगडांनी बुजवणं, यापलीकडे काही करावं लागत नाही. शेळीला, करडाला, माणसाला त्याच्यापासून धोका नाही. कोंडीत सापडलं किंवा हातात धरलं तर मात्र जोरात चावतं. पिल्लं हाताळताना घरात कोणाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून आजच सरकारी दवाखान्यात जा आणि रेबीजच्या लसीचं विचारा. पिल्लू लहान आहे म्हणून हे टाळू नका.

कोंबड्या वाचवायला कोणी मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवतं, ते तर करूच नका. त्याच्यापेक्षा नकळत होणारी विषबाधा जास्त आहे. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकतात. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, रक्त गोठायचं थांबून तीन-चार दिवस मलूल फिरतो. मांजराला असा उंदीर आयता सापडतो आणि विष त्याच्या पोटात जातं. हिरड्या पांढऱ्या पडलेलं, नाकातून रक्त येणारं रानमांजर आलं की माझी पहिली शंका हीच असते. वेळेत आलं तर 'के' जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर वाचतं, पण रानटी जनावर वेळेत येतं कुठे? वड्या टाकल्याच तर मेलेले आणि मलूल उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा.

धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत रानमांजराला धोक्याबाहेरचं मानलं आहे, आणि भारतात ते आहेही बऱ्यापैकी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर आहे, विदर्भातल्या धानाच्या बांध्यांत आहे, कोकणात आहे. पण माळरान सरकारी कागदावर 'पडीक' असतं, त्यामुळे ते कोणत्याही कामासाठी सहज दिलं जातं आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या रानमांजरांत रस्त्यावर ठोकर लागलेली सगळ्यात जास्त. त्याखालोखाल कुत्र्यांनी फाडलेली. मग कठडा नसलेल्या विहिरीत पडलेली, ज्यांना वर यायला एखादा लाकडी ओंडका दोराने बांधून सोडला तरी पुरतो. गावातल्या मांजरांकडून पसरणारा एक जीवघेणा विषाणूजन्य आजारही आहे. रक्ताची हगवण, उलट्या, आणि पिल्लांची अख्खी वीण संपते. घरच्या मांजरांना लस द्या आणि बोक्यांची नसबंदी करून घ्या. गावातल्या बोक्यांचा रानातल्या माद्यांशी संकर होतो, तोही त्याने थांबेल.

राहिला तुमचा उरलेला फड. ज्या बाजूला ओढा, बांध किंवा शेजारचा उभा ऊस आहे, त्याच्या विरुद्ध टोकाकडून तोड चालू ठेवा, म्हणजे आत असलेल्या जनावरांना आडोशातून बाहेर पडायला वाट राहते. चारी बाजूंनी तोडत आत आलं की शेवटच्या तुकड्यात सगळी कोंडली जातात, आणि तिथेच कुत्री आणि पोरं उभी असतात. पाचट पेटवायचा विचार असेल तर निदान आई पिल्लं घेऊन गेल्याचं कॅमेऱ्यात दिसेपर्यंत थांबा. खोडवा ठेवणार असाल तर न पेटवता सरीत कुजवलेलं बरं, जमिनीलाही आणि पाण्याच्या पाळीलाही. टोळीतल्या बायकांना आणि मुकादमाला पिल्लांचा फोटो दाखवून शेपटीचा फरक सांगून ठेवा. पुढच्या फडात पिल्लं सापडली तर ती जागेवरच ठेवून, तेवढा दहा-पंधरा फुटांचा तुकडा दुसऱ्या दिवसासाठी सोडायचा, असं त्यांच्याशी आजच ठरवून घ्या. बहुतेक वेळा रात्रीत आई येऊन पिल्लं हलवते आणि सकाळी तो तुकडा तोडायला मोकळा असतो.